हात वर जात नाही, तेव्हा तोंड का तपासायचं?

(भंडारा इथल्या सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. श्रोत्यांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं शेवटी दिली आहेत.)



विषयाचं नाव वाचून तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल की, स्नायूंना सूज येण्याचा असला आजार आमच्या गावात कुणाला झाल्याचं ऐकलं नाही, मग त्यावर तासभर कशाला? शंका रास्त आहे. हा आजार दुर्मीळच आहे. दहा लाख लोकांमागे वर्षाला दोन-चार, फार तर वीस नवे रुग्ण, असे जगभरातले अंदाज आहेत. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास होती. म्हणजे या हिशोबानं सातही तालुके धरून वर्षाला मोजकेच रुग्ण निघतील.

तरी मी हा विषय घेतला, त्याला दोन कारणं आहेत. पहिलं, मोठ्या माणसाला हा आजार झाला, तर काही वेळा तो शरीरात लपलेल्या कॅन्सरची वर्दी घेऊन आलेला असतो. दुसरं, आपल्या भागात ज्या कॅन्सरची धास्ती सगळ्यात जास्त, तो तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर शोधण्याची सुरुवात करायला महागडं मशीन लागत नाही. एक बॅटरी, हातमोजे आणि पाच मिनिटं लागतात. ही पाच मिनिटं कुणी दिली नाहीत, तर रुग्णाची कित्येक महिन्यांची संधी हातची जाते. आजचं सगळं बोलणं या पाच मिनिटांसाठी आहे.

दुखणं वेगळं, ताकद जाणं वेगळं

रोवणीच्या दिवसांत कुणाची कंबर दुखत नाही? दिवसभर बांधीत वाकून परे लावल्यावर अंग ठणकणारच. दोन रात्री झोप झाली की उतरतं. ते दुखणं झालं. मी सांगतोय ते दुखणं नाही, ताकद जाणं आहे. काही जणांना वेदना नावालाच असतात, पण काम होत नाही.

समजा, लाखांदूर तालुक्यातली पन्नाशीची एक बाई आहे. ती सांगते, "बसली का उठाले होत नाही जी." खाली बसली की हात टेकून, कशाला तरी धरून उठते. एसटीची पहिली पायरी चढताना कुणीतरी मागून आधार द्यावा लागतो. फळीवरचा डबा काढता येत नाही. वेणी घालताना हात मध्येच खाली येतो. टोपलं डोक्यावर चढत नाही. पण तिला बिडी वळायला बसवा, बोटं झरझर चालतात! घरच्यांना वाटतं, बाई ढोंग करते. बिडी वळते, मग टोपलं का उचलत नाही?

ती ढोंग करत नाही. या आजारात आधी धडाजवळचे स्नायू जातात. खांदे, दंड, कंबर, मांड्या आणि मान. पंजाची आणि बोटांची ताकद बराच काळ टिकते. आणि हे दोन्ही बाजूंना सारखं होतं. एकच हात किंवा एकच पाय गेला, तर विचार वेगळा करावा लागतो. लकवा एका क्षणात येतो, हा आजार काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हळूहळू चढतो.

थायरॉइड, ड जीवनसत्त्वाची कमतरता, पोटॅशियम कमी होणं, काही औषधं, यांमुळेही असंच होऊ शकतं. म्हणून लक्षण ऐकून घरी निदान करायचं नाही. पण "कमजोरी आहे, टॉनिक घ्या" एवढ्यावर सोडूनही द्यायचं नाही.

कातडी काय सांगते

या आजाराचे काही प्रकार आहेत. कॅन्सरशी सगळ्यात घट्ट नातं ज्याचं आहे, त्याचं नाव डर्मॅटोमायोसायटिस. डर्मा म्हणजे कातडी, मायो म्हणजे स्नायू, आयटिस म्हणजे दाह, सूज. अशा रुग्णांची वर्णनं जर्मनीत १८६३ पासून सापडतात आणि १८९१ मध्ये उनव्हेरिख्ट या डॉक्टरांनी त्याला हे नाव दिलं.

कातडीवरच्या खुणा अशा. वरच्या पापण्यांवर जांभळट झाक आणि थोडी सूज. बोटांच्या सांध्यांवर, म्हणजे मूठ वळल्यावर जी हाडं वर येतात नेमक्या त्यांच्यावर, उंचवटे किंवा चट्टे. गळ्याखाली, छातीच्या उघड्या भागावर आणि पाठीवर खांद्यांभोवती, शाल पांघरावी तसा, काळसर-लाल पट्टा. नखांच्या मुळाशी लाली. डोक्यात आणि अंगाला खाज, कधीकधी झोप उडवणारी.

आता एक अडचण. जुन्या पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात. त्यात पापणी फुलासारखी जांभळी दिसते. आपल्या सावळ्या कातडीवर तोच चट्टा काळपट, राखाडी किंवा वांग्याच्या सालीसारखा दिसतो. शिवाय तो उन्हानं वाढतो. मग घरचे म्हणतात, "उन्हात काम करते, काळवंडली." पण ऊन सगळ्या हातावर सारखं पडतं. फक्त सांध्यांवर चट्टे आणि मधली जागा मोकळी, असं ऊन करत नाही. हात उन्हात नेऊन नीट बघा, फरक दिसतो.

काही रुग्णांत फक्त कातडीच्या खुणा असतात, ताकद शाबूत असते. कॅन्सरचा विचार त्यांच्या बाबतीतही करावा लागतो.

घशाचेही स्नायूच असतात

घास गिळणं हे स्नायूंचं काम आहे, हे आपण विसरतो. घशाच्या वरच्या भागातले स्नायू हातापायांच्या स्नायूंच्याच जातीचे. त्यांना सूज आली की घास अडकतो, पाणी पिताना ठसका लागतो, कधी पाणी नाकातून परत येतं, आवाज गेंगाणा होतो. हे धोक्याचं आहे, कारण अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो.

आणि नेमकं इथेच भंडाऱ्यात घोटाळा होतो. गिळायला त्रास झाला की आपल्याकडे उत्तर तयार असतं, "खर्रा खातो ना, त्यानं झालं असेल." उत्तर अर्धं खरं असू शकतं. म्हणूनच ते धोक्याचं आहे. त्याच्याकडे थोड्या वेळानं येतो.

कॅन्सरशी नातं कसं लक्षात आलं

१९१६ मध्ये जर्मन वैद्यकीय नियतकालिकांत अशी रुग्णवर्णनं आली, ज्यांत स्नायूंचा दाह आणि कॅन्सर एकाच माणसात सापडले होते. त्यातला एक कॅन्सर जठराचा होता. पुढची कित्येक वर्षं डॉक्टर म्हणत राहिले, योगायोग असेल. दोन्ही रोग उतारवयात होतात, एकत्र दिसले तर नवल काय?

योगायोग आहे की नाही, हे ठरवायला मोठी नोंदवही लागते. ती स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडमध्ये होती. तिथे प्रत्येक कॅन्सर राष्ट्रीय नोंदणीत जातो. या तिन्ही देशांतल्या नोंदी एकत्र करून २००१ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डर्मॅटोमायोसायटिसचे ६१८ रुग्ण होते. त्यांतल्या १९८ जणांना कधी ना कधी कॅन्सर झाला होता, आणि त्यांतल्या ११५ जणांना तो स्नायुरोगाच्या निदानानंतर झाला. त्याच वयाच्या सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत हा धोका साधारण तिप्पट निघाला. पॉलिमायोसायटिस, म्हणजे ज्यात कातडीवर खुणा नसतात, त्या प्रकारातही धोका वाढलेला होता, पण थोडाच.

हा आकडा उलटा करूनही वाचा. ६१८ पैकी ४२० जणांना कॅन्सर झालाच नाही. म्हणजे डर्मॅटोमायोसायटिस झाला की कॅन्सर असणारच, असं अजिबात नाही. पण शोधण्याइतका धोका नक्की आहे.

वेळेचं गणित त्याहून महत्त्वाचं. दोन्ही आजार एकमेकांच्या जवळ येतात. स्नायुरोगाच्या निदानाच्या आधीचं एक वर्ष आणि नंतरचं एक वर्ष, या काळात सगळ्यात जास्त कॅन्सर सापडतात. नंतर धोका उतरत जातो, तरी तीन ते पाच वर्षं लक्ष ठेवावं लागतं. म्हणजे शोधाशोध पहिल्याच भेटीपासून सुरू व्हायला हवी. "आधी सहा महिने गोळ्या घेऊन बघू, मग पाहू" हे इथे चालत नाही.

पण स्नायू आणि कॅन्सरचा संबंध काय?

तुम्ही धान पिकवणारे लोक आहात, तुमच्या बांधीतलंच उदाहरण घेतो. धानात एक गवत उगवतं, ते कोवळं असताना अगदी धानासारखं दिसतं. निंदणारी बाई घाईत असली तर गवताबरोबर धानाचं रोपही उपटते. तिचा हेतू चांगला असतो, ओळख चुकते.

आपली रोगप्रतिकारशक्ती ही निंदणारी बाई. कॅन्सरच्या पेशीत काही प्रथिनं बदललेली किंवा नको तेवढी वाढलेली असतात. प्रतिकारशक्ती त्यांना परकं समजून हल्ला करते, आणि ते योग्यच आहे. पण स्नायूच्या ज्या पेशी झीज भरून काढत असतात, नव्यानं वाढत असतात, त्यांतही तीच प्रथिनं भरपूर असतात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे साम्य दाखवून दिलं. मग हल्ला स्नायूंवरही होतो. स्नायू दुखावतात, दुरुस्तीला लागतात, दुरुस्तीच्या पेशी वाढतात, आणि हल्ल्याला आणखी निशाणं मिळतात. असं चक्र सुरू होतं.

याला बळ देणारा पुरावा रक्तात मिळतो. टिफ-वन गॅमा नावाच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं मोठ्या माणसाच्या रक्तात सापडली, तर कॅन्सरची शक्यता बरीच वाढते. एनएक्सपी-टू या प्रतिपिंडाचंही तसंच. उलट जो-वन नावाचं प्रतिपिंड सापडलं, तर कॅन्सरचा धोका कमी समजतात, त्यात फुप्फुसांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. टिफ-वन गॅमा असलेल्या काही रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा नेमक्या त्याच प्रथिनाच्या जनुकात बिघाड सापडला. सगळं कोडं सुटलेलं नाही, पण दिशा ही आहे.

लहान मुलांनाही डर्मॅटोमायोसायटिस होतो. त्यांच्यात कॅन्सरचं हे नातं दिसत नाही. मुलाला हा आजार आहे म्हणून आईबापांनी ती धास्ती घेऊ नये.

जसा मुलूख, तसा कॅन्सर

आता मुद्द्याचा भाग. या आजाराबरोबर कोणता कॅन्सर येतो? युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासांत अंडाशय, फुप्फुस, स्वादुपिंड, जठर, मोठं आतडं आणि लसिकाग्रंथींचे कॅन्सर पुढे दिसतात. दक्षिण चीन, हाँगकाँग, तैवान, सिंगापूर इथे चित्र बदलतं. तिथे डर्मॅटोमायोसायटिसच्या रुग्णात सगळ्यात आधी शोधतात तो नाकामागच्या घशाचा कॅन्सर. का? कारण त्या मुलखात तो कॅन्सर मुळातच जास्त आहे. भारतात तो एरवी कमी दिसतो, पण नागालँड, मणिपूर, मिझोरम या भागांत बराच आहे.

म्हणजे जगात कुठेही असा रुग्ण आला, तर आपल्या मुलखातला कॅन्सर आधी आठवायचा. मग आपल्या मुलखात काय आहे?

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे एका वर्षात सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होते, आणि पुरुषांमध्ये तो पहिल्या क्रमांकावर होता. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, त्यांतले बहुतेक खाणारे किंवा दाताला लावणारे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा तयार होतो, त्याची ओळख तुम्हाला मी करून द्यायला नको. तो नवऱ्याच्या खिशात असतो, बांधीवर बाईच्या कमरेला असतो, कॉलेजच्या पोराकडेही असतो. आणि लोक म्हणतात, तंबाखू कमी टाकतो, सुपारीच जास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच सांगितलं आहे की सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे, तंबाखू नसली तरी.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. नाकामागच्या घशाच्या कॅन्सरचं या स्नायुरोगाशी नातं मोठमोठ्या रुग्णगटांत दिसलेलं आहे. जीभ, टॉन्सिल, अन्ननलिकेच्या तोंडाजवळचा घसा, स्वरयंत्र यांच्या बाबतीतला पुरावा मुख्यतः एकेका रुग्णाच्या नोंदींचा आहे. म्हणून मी असं म्हणत नाही की भंडाऱ्यातल्या प्रत्येक स्नायुरुग्णाच्या तोंडात कॅन्सर असेल. मी एवढंच म्हणतो की जिथे तोंडाचा कॅन्सर इतका आहे, तिथे तोंड आणि मान न बघता तपासणी पूर्ण झाली असं म्हणता येत नाही.

आपल्याकडे वाट कुठे चुकते

प्रत्येक लक्षणाला आपल्याकडे एक तयार कारण आहे. ताकद गेली, रोवणीनं. काळे चट्टे, उन्हानं. घास अडकतो, खर्ऱ्यानं. अंग दुखतं, तर काहींना सिकलसेल आहेच. एकेक कारण पटण्यासारखं असतं, म्हणून कुणी सगळी एकत्र ठेवून बघत नाही.

दुसरी चूक रक्ताच्या रिपोर्टमध्ये. एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले दिसले की लगेच म्हणतात, लिव्हरला सूज आहे. मग पथ्य सुरू, कावीळीचं झाडपाल्याचं औषध सुरू. पण हे दोन्ही पदार्थ स्नायूंतही असतात! स्नायू फुटले तरी ते रक्तात वाढतात. डोळे पिवळे नाहीत, बिलिरुबिन नॉर्मल आहे आणि माणसाला उठता येत नाही, तर सीपीके नावाची साधी तपासणी करून घ्या. ती स्नायूंची आहे. मात्र डर्मॅटोमायोसायटिसमध्ये सीपीके कधीकधी नॉर्मलही येतं, म्हणून तेवढ्यावर आजार नाही असं ठरवायचं नाही.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडते. कुणीतरी स्टेरॉइडची गोळी देतं किंवा सांधेदुखीच्या नावाखाली पुडी देतं. चार दिवसांत बरं वाटतं, कातडी उजळते, भूक लागते. रुग्ण खूश, देणारा खूश. स्टेरॉइड या आजारावरचं खरं औषध आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण निदान न करता दिलं, तर खुणा पुसल्या जातात आणि आत गाठ असली तर ती वाढत राहते. शिवाय स्टेरॉइड फार दिवस घेतल्यानंही मांड्यांचे स्नायू कमजोर होतात. मग ताकद आजारानं गेली की औषधानं, हे सांगणं अवघड होतं.

काय बघायचं, कुणी बघायचं

पाच मिनिटांची तपासणी अशी. गालाच्या दोन्ही आतल्या बाजू. हिरडी आणि गाल यांच्यामधली खाच, जिथे खर्रा ठेवतात ती जागा आधी. जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखाली. टाळू आणि टॉन्सिल. मग दोन्ही हातांनी मान चाचपून गाठ आहे का ते पाहायचं. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तेवढ्याच दिवसांचा बसलेला आवाज, एकाच कानात दुखणं, मानेत गाठ, यांतलं काहीही दिसलं की कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा दंतवैद्य गाठायचा. मोठ्या माणसाचा एकच कान सारखा गच्च राहतो, नाकातून रक्त येतं, तर नाकामागचा घसा दुर्बिणीनं बघायला हवा.

तोंड किती उघडतं, तेही बघा. स्वतःची तीन बोटं उभी करून दातांच्या मध्ये जातात का? जात नसतील तर सुपारीनं तोंडाची आतली कातडी आकसत चालली असण्याची शक्यता आहे. त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तो कॅन्सर नाही, पण कॅन्सरकडे जाऊ शकतो. इथे फरक लक्षात ठेवा. फायब्रोसिसमध्ये तोंड उघडत नाही, तिखट लागलं की आग होते. स्नायुरोगात तोंड उघडतं, पण घास उतरत नाही. आणि एकाच माणसात दोन्ही असू शकतात.

तिशीच्या वरच्या लोकांचं तोंड तपासणं सरकारी कार्यक्रमातच आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, त्यात तंबाखूचा प्रश्न असतो. खरं उत्तर द्या, आणि तोंड तपासून मागा.

स्नायुरोग पक्का झाल्यावर पुढची तपासणी तज्ज्ञ ठरवतात. २०२३ मध्ये या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांचा गाभा असा की सगळ्यांना सरसकट सगळ्या तपासण्या नकोत. चाळिशीनंतर सुरुवात, डर्मॅटोमायोसायटिस, टिफ-वन गॅमा किंवा एनएक्सपी-टू प्रतिपिंड, गिळायला बराच त्रास, कातडीवर काळ्या पडून मरणाऱ्या जखमा, उपचार करूनही न आटोपणारा आजार, या जोखमीच्या खुणा. यांतल्या दोन किंवा जास्त असतील तर रुग्ण जास्त धोक्याचा. त्याचा मान, छाती, पोट आणि ओटीपोट यांचा सीटी स्कॅन करायचा, बायकांमध्ये स्तन, गर्भाशयमुख आणि अंडाशय तपासायचे, आणि साध्या तपासण्या पुढे तीन वर्षं दरवर्षी करायच्या. जिथे नाकामागच्या घशाचा कॅन्सर जास्त आहे, तिथे दुर्बीणही घालून बघा, असं त्याच सूचनांत आहे.

प्रतिपिंडांची तपासणी, स्नायूंचा एमआरआय, स्नायूचा तुकडा काढून बघणं, यासाठी आपल्याला बहुधा नागपूर गाठावं लागतं. साठेक किलोमीटर. पण तोंड आणि मान बघणं जिल्हा रुग्णालयात, तालुक्यात, अगदी प्राथमिक केंद्रातही होतं. नागपूरला जाण्याआधी ते करून, कागदावर लिहून घेतलेलं असावं.

उलट्या बाजूनं

ज्यांच्या घरी आधीच तोंड-घशाच्या कॅन्सरचा रुग्ण आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. मानेच्या गाठी काढण्याच्या ऑपरेशनमध्ये खांदा उचलणाऱ्या नसेला धक्का लागू शकतो, मग त्या बाजूचा हात वर जात नाही. हे एका बाजूचं असतं आणि व्यायामानं सुधारू शकतं. पण दोन्ही हात आणि दोन्ही मांड्या कमजोर झाल्या, कातडीवर चट्टे आले, तर ते ऑपरेशननं झालेलं नाही. डॉक्टरांना सांगा. कॅन्सर बरा होऊन वर्ष झालं आणि गेलेले चट्टे परत आले, तरी सांगा. कधी तो रोग परतल्याचा इशारा असतो.

आता इम्युनोथेरपी नावाची औषधं आली आहेत. ती महाग आहेत, पण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब हे औषध अगदी कमी मात्रेत देऊन पाहिलं. त्याचा फायदा झाल्याचा अभ्यास त्यांनी प्रसिद्ध केला, त्यामुळे ती आपल्या लोकांच्याही आवाक्यात येऊ लागली. ही औषधं प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करतात. क्वचित ती शक्ती स्नायूंवर उलटते, कधी हृदयाच्या स्नायूवरही. हे औषध चालू असताना पापण्या जड झाल्या, दम लागला, छातीत दुखलं, हातपाय उचलेनासे झाले, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा.

श्रोत्यांचे प्रश्न

*खर्रा खाल्ल्यानं हा स्नायूंचा आजार होतो का?*

खर्ऱ्यानं थेट स्नायूंना सूज येते, असं म्हणता येत नाही. खर्ऱ्यानं कॅन्सर होतो, हे पक्कं आहे. आणि कॅन्सरच्या पाठोपाठ काही थोड्या लोकांत स्नायुरोग येऊ शकतो. खर्रा सोडायला पहिलं कारण पुरेसं आहे.

*घरातल्या दुसऱ्या कुणाला लागेल का?*

नाही. हा संसर्ग नाही. एका ताटात जेवा, लेकरू मांडीवर घ्या, काही होत नाही.

*कॅन्सर काढला की स्नायू आपोआप बरे होतात का?*

बऱ्याच जणांत सुधारणा होते, कारण हल्ल्याचं मूळ निघून जातं. पण सगळ्यांत नाही. म्हणून दोन्ही उपचार बरोबरीनं चालतात. स्टेरॉइड, मेथोट्रेक्झेट, अ‍ॅझाथायोप्रिन ही नेहमीची औषधं. काहींना शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात. इथे दोन गोष्टी गाठीशी बांधा. मेथोट्रेक्झेट या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेततं. आणि बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड एकदम बंद करायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं उतरवायचं.

*गिळायला त्रास आहे, घरी काय करायचं?*

जेवताना ताठ बसवा, हनुवटी थोडी खाली. पातळ पाण्यानं ठसका लागत असेल तर दाट पेज, मऊ भात द्या. घास लहान. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. आणि ताप-खोकला सुरू झाला की लगेच दाखवा.

*सगळे रिपोर्ट चांगले आले, आता सुटलो का?*

आज सुटलात. पण पहिली तीन वर्षं दरवर्षी परत यायचं, आणि मध्ये वजन उतरलं, मानेत गाठ आली, जखम भरेना झाली, तर तारखेआधी यायचं. कॅन्सर पहिल्या तपासणीत दिसण्याइतका मोठा नसू शकतो.

*माझ्या सासूबाईंना उठता येत नाही, पण चट्टे नाहीत. नागपूरला नेऊ का?*

आधी इथे दाखवा. सीपीके, थायरॉइड, पोटॅशियम, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, एवढं जिल्ह्याच्या ठिकाणी करता येईल. बहुतेकांत उत्तर यातच मिळतं आणि ते साधं असतं. सीपीके वाढलेलं निघालं, किंवा गिळायला आणि श्वासाला त्रास असला, तर मात्र थांबू नका. आणि ताई, त्या सुपारी-तंबाखू खात असतील, तर त्याच भेटीत डॉक्टरांना म्हणा, "जरा बॅटरी लावून तोंडही बघा."